बॉयलरचं सर्टिफिकेट अडकलं होतं, कसं सुटलं (माझा अनुभव)

आमचं इचलकरंजीत सायझिंग (विणायच्या आधी सुताला खळ लावायचा कारखाना) आहे, खळ शिजवायला न् सूत वाळवायला वाफ लागतेच, म्हणजे बॉयलर बंद तर सगळंच बंद. बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट जास्तीत जास्त 12 महिन्यांचं, तारीख जवळ आली म्हणून बाष्पके संचालनालयाकडे अर्ज केला. हायड्रॉलिक टेस्टला (बॉयलर पाण्यानं भरून दाब देतात ती) प्रेशर चढवलं तर गेजचा काटा हळूहळू खाली यायला लागला, खाली वाकून बघितलं तर मडहोलच्या (आतला गाळ काढायच्या भोकाच्या) दाराच्या कडेनं थेंब थेंब पाणी. तपासणीला आलेल्या साहेबांनी पुन्हा तयारी करून बोलवा म्हणून सांगितलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

फिटर म्हणाला वेल्डिंगचा टाका मारू. मी ठाम नाही म्हणालो, बॉयलरच्या अंगावर अशी दुरुस्ती परवानगीशिवाय करायचीच नसते, शेजारी माणसं काम करतात. दार काढलं तर बसायच्या जागेवर जुन्या गॅस्केटचा (गळती रोखायला फटीत बसवतात त्या पट्टीचा) काळा थर दगडासारखा चिकटलेला, नवीन गॅस्केट त्याच्यावरच बसवलं होतं! अख्खा दिवस खरवडून धातू चकचकीत केला, योग्य मापाचं गॅस्केट बसवलं, नट आलटून पालटून आवळले, पाणी भरताना वरून हवा पूर्ण काढली. दुसऱ्या टेस्टला काटा जागचा हलला नाही.