बफेलोत गाडी बर्फात अडकली तर : आधी सायलेन्सर, मग हिटर

जॅकेट, बूट, थर्मल यांवर मी काही लिहिणार नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या या बफेलोत ऑगस्टमध्ये शिकायला आलेल्या मुलांना डिसेंबर उजाडेपर्यंत ते सगळं पाठ झालेलं असतं. चार जणांत मिळून पहिली सेकंडहँड गाडी घेतलीत की मात्र हे वाचा.

इथली थंडी परवडली, पण लेक इफेक्ट, म्हणजे तलावामुळे पडणारा बर्फ, नको. गोठण्याआधी ईरी तलावाचं पाणी वरच्या हवेपेक्षा बरंच उबदार असतं. त्यावरून गार वारा आला की तो वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. पट्टा इतका अरुंद की कॅम्पसवर लख्ख ऊन आणि दहा मैलांवर स्वतःचं बॉनेट दिसत नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये शहराच्या दक्षिणेला पाच फुटांहून जास्त बर्फ पडला आणि थ्रूवेवर, म्हणजे इथल्या हायवेवर, लोक 24 तासांहून अधिक काळ अडकले. त्यात नायगारा विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची बसही होती. डिसेंबर 2022 मध्ये ऐन नाताळात ताशी 70 मैलांपर्यंतचे वारे सुटले आणि विमानतळावर 50 इंचांहून जास्त बर्फ पडला. चाळीसहून जास्त माणसं गेली. काही गाडीत सापडली, काही रस्त्यावर; काहींपर्यंत तर अँब्युलन्स पोचूच शकली नाही.

म्हणून पहिला नियम : गाडी सोडायची नाही. समोर दिवे लागलेलं दार स्पष्ट दिसत असेल तर गोष्ट वेगळी. 'हायवेवरून उतरायचा एक्झिट जवळच आहे, चालत जाऊ' हे डोक्यातून काढून टाका. वाऱ्यात उडणाऱ्या बर्फात दिशाच कळत नाही. गाडी शोधणाऱ्याला दिसते, माणूस दिसत नाही. अँटेनाला किंवा आरशाला लाल ओढणी बांधा, 911 ला (इथला आपत्कालीन नंबर) फोन करा आणि मोबाइल आतल्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरी भराभर उतरते.

आता खरा सापळा. गाडीतच थांबायचं आणि हिटर चालू ठेवायचा, एवढंच सगळे सांगतात. आम्ही अडकलो तेव्हा आम्हालाही एवढंच ठाऊक होतं. काचा घट्ट बंद, हिटर फुल, मागच्या सीटवर थेपले. थोड्या वेळाने मागच्या मित्राचं डोकं दुखायला लागलं, मळमळ सुरू झाली. आम्ही काय ठरवलं? पित्त. सकाळपासून नुसता चहा झाला होता, दुसरं काय असणार! त्याला गोळी दिली. मग माझंही डोकं जड झालं. दोघांना एकदम पित्त कसं होईल, हा प्रश्न पुढे बसलेल्या मैत्रिणीला पडला, म्हणून ती दार लोटून उतरली. सायलेन्सरचं तोंड बर्फाने पार लिंपलेलं होतं.

हे नीट समजून घ्या. सायलेन्सर बुजला की धूर गाडीखाली कोंडतो आणि फटींतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो. आधी डोकेदुखी, मळमळ, चक्कर, मग गुंगी. आणि बाहेर थंडी असल्यामुळे गुंगी ही साधी झोपच वाटते. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून जास्त माणसं दगावली, त्यांतल्या कित्येकांचा जीव या वायूनेच घेतला असं मानलं जातं.

तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी उतरून सायलेन्सर मोकळा करायचा. प्रत्येक वेळी. 'मघाशीच तर साफ केला' हे चालणार नाही, वारा तासाभरात तो पुन्हा बुजवतो. इंजिन तासाला 10 मिनिटं पुरे, आणि तेवढा वेळ ज्या बाजूने वारा येत नाही तिकडची काच बोटभर खाली. ऊब वाया जाते म्हणून कोणी कुरकुर केली तर करू द्या. एकाच्याही डोक्यात कळ आली की इंजिन बंद, दारं उघडी. पित्तावर नंतर बोलू.

एवढ्याने घाबरून जाऊ नका. डिकीत फावडं, जाडी रजाई, टॉर्च, पाणी, चिक्की असेल आणि टाकी अर्ध्याच्या वर असेल तर गाडीत एक रात्र निभावते. इंजिन बंद असताना सगळे एका सीटवर या, पाय हलवत राहा. शून्य फॅरनहाइट (सुमारे उणे 18 सेल्सियस) आणि ताशी 15 मैल वारा असला की उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. कान-नाक झाका, बधिर बोटं चोळू नका. तहान लागली म्हणून बर्फ चघळू नका, तो शरीरातली ऊब खातो. कुडकुडणं चांगलं आहे. कुडकुडणारा अचानक शांत झाला आणि बरळू लागला तर मात्र त्याला एकटं सोडू नका.

सीनियर मंडळींबद्दल एक बोलतोच. 'ऑल-व्हील (चारही चाकांना इंजिनाचा जोर) आहे, काही होत नाही रे' म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नका. ती गाडी निघते झकास, पण बर्फावर थांबताना तिचीही सगळ्यांसारखीच घसरगुंडी होते. ब्रँडीने ऊब येते म्हणणाराही त्याच जातीचा. दारूने कातडी गरम वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते. फोनने दाखवलेला गल्लीबोळातला शॉर्टकट तर नकोच. बर्फ काढणारे ट्रक आधी मोठे रस्ते मोकळे करतात. ट्रॅव्हल बॅन, म्हणजे गाडी रस्त्यावर आणायला सरकारी बंदी, लागला तर घरी बसा, शिफ्ट बुडाली तरी बुडू दे.

आणि सुटका झाल्यावर : आईने बॅगेत घातलेला कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर बोटाला लावून '98 आहे, ठीक आहे' म्हणू नका. साध्या ऑक्सिमीटरला रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, आकडा चांगलाच दिसतो. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि 'चालू गाडीत बंद होतो, डोकं दुखतंय' असं पहिल्याच वाक्यात सांगा. ते रक्त तपासतात आणि मास्कने ऑक्सिजन देतात. बिलाची चिंता दुसऱ्या दिवशी.