ग्रीन कार्ड येण्यापूर्वी नोकरीवर रुजू होताना: बेळगाव सीमाभागातून अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी तयारीची यादी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून भावाच्या, मुलाच्या किंवा पतीच्या अर्जावर इमिग्रंट व्हिसा मिळवून अमेरिकेला निघालेल्या अनेकांची अशी समजूत असते की, ग्रीन कार्ड, म्हणजे कायम रहिवासाचे ओळखपत्र, टपालाने घरी आल्याशिवाय कोणी कामावर घेणार नाही. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे कमाईचे पहिले आठवडे विनाकारण हातचे जातात.

सर्वप्रथम पासपोर्ट पाहावा. १९८६ च्या कायद्याने तिथल्या प्रत्येक मालकाला, कर्मचारी नागरिक असो वा परदेशातून आलेला, ओळख आणि काम करण्याचा हक्क तपासण्यासाठी आय-९ हा फॉर्म भरून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी इमिग्रंट व्हिसा असलेला पासपोर्ट एकटाच पुरतो. कारण विमानतळावर प्रवेशाचा शिक्का पडला की तो व्हिसा एक वर्षापर्यंत कायम रहिवासाचा तात्पुरता पुरावा ठरतो, आणि तसे त्या व्हिसावरच छापलेले असते. मात्र पासपोर्टची मुदत संपलेली चालत नाही, त्यामुळे ती जवळ आली असेल तर नूतनीकरण इथेच उरकावे. विमानात तो हातातल्या पिशवीत ठेवावा आणि शिक्का स्पष्ट उमटला आहे की नाही हे विमानतळावरील इमिग्रेशनच्या खिडकीपासून हलण्यापूर्वी पाहावे.

नावाची बाब आपल्या भागात सर्वांत जास्त काळजीने पाहावी लागते. शाळेचे मार्क्स कार्ड, जन्माचा दाखला आणि आधार कार्ड यांवर कन्नडमधून इंग्रजीत आलेले स्पेलिंग वेगवेगळे असू शकते. विठ्ठल या नावात कुठे एच असतो, कुठे नसतो. मालकासमोर मोजले जाते ते पासपोर्ट आणि व्हिसावरचे नाव, म्हणून फॉर्मवर तेच अक्षरशः लिहावे आणि सोशल सिक्युरिटी कार्डही (पगार आणि कराच्या नोंदींसाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकाचे कार्ड) त्याच नावाने मागावे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांनी फॉर्ममधील पूर्वीच्या आडनावाचा रकाना रिकामा सोडू नये. आधार, रेशन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र यांचा या कामी काहीच उपयोग नाही. त्यांच्या झेरॉक्स घेऊन मालकाकडे जाऊ नये, कारण त्याला मूळ आणि यादीतलीच कागदपत्रे पाहायची असतात.

निघण्यापूर्वी ग्रीन कार्डाचे शुल्क ऑनलाइन भरावे. १ एप्रिल २०२४ पासून ते २३५ डॉलर आहे. व्हिसाचा डीएस-२६० अर्ज भरताना सोशल सिक्युरिटी कार्डाची मागणी केली असल्यास ते पोहोचल्यानंतर साधारण तीन आठवड्यांत टपालाने येते. केली नसल्यास तिथल्या कार्यालयात जाऊन अर्ज करावा. हाती आल्यावर ते लॅमिनेट करून घेऊ नये, जरी आपल्याकडे प्रत्येक कागद लॅमिनेट करण्याची सवय असली तरी.

फॉर्मचा पहिला भाग कर्मचाऱ्याने उशिरात उशिरा कामाच्या पहिल्या दिवशी भरून सही करावी लागते. त्यात कायम रहिवासी हा पर्याय निवडून ए-क्रमांक, म्हणजे इमिग्रेशन खात्याने आपल्याला दिलेला क्रमांक, लिहायचा असतो. तो इमिग्रंट व्हिसावर नोंदणी क्रमांक या नावाखाली छापलेला असतो, आणि ही गोष्ट माहीत नसल्याने लोक तिथेच अडतात. इंग्रजी येत नाही म्हणून नातेवाइकाने फॉर्म भरून दिला, तर त्यानेही जोडपत्रात आपले नाव लिहून सही करावी लागते. मालकाला कागदपत्रे तपासून आपला भाग कामाच्या पहिल्या दिवसानंतर तीन कामकाजी दिवसांत पूर्ण करायचा असतो, म्हणजे सोमवारी रुजू झाल्यास गुरुवारपर्यंत.

कोणता कागद दाखवायचा, हे ठरवण्याचा हक्क कर्मचाऱ्याचा आहे, मालकाचा नाही. पासपोर्ट दाखवावा, किंवा हाती आले असेल तर ग्रीन कार्ड. अथवा राज्याचे फोटो ओळखपत्र आणि काम करण्यावर निर्बंधाचा शेरा नसलेले सोशल सिक्युरिटी कार्ड असे दोन मिळून दाखवावेत. ग्रीन कार्डच आणा, असा आग्रह मालकाने धरला तर वाद न घालता फॉर्मच्या दुसऱ्या पानावरील ग्राह्य कागदपत्रांची यादी त्याच्यासमोर ठेवावी. ती छापून पासपोर्टसोबत जवळ बाळगलेली बरी. तरीही नकार मिळाल्यास अमेरिकेच्या न्याय खात्यात स्थलांतरित आणि कर्मचाऱ्यांच्या हक्कांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि त्याची मोफत दूरध्वनी सेवा आहे. परक्या देशात नव्याने आलेला माणूस मुकाट्याने परत फिरतो, म्हणून हे घरच्यांनी त्याला आधीच नीट समजावून सांगावे.

व्हिसाच्या आधारे नोकरी धरलेल्यांनी प्रवेशाच्या शिक्क्यापासून एक वर्ष संपण्याची तारीख लिहून ठेवावी, कारण त्या तारखेपर्यंत मालक पुन्हा पुरावा पाहतो. तेव्हा ग्रीन कार्ड किंवा सोशल सिक्युरिटी कार्ड, यांपैकी कोणतेही चालते. ग्रीन कार्ड दिलेल्या पत्त्यावरच येत असल्याने नातेवाइकाच्या पत्रपेटीवर आपलेही नाव लावून घ्यावे आणि घर बदलल्यास दहा दिवसांच्या आत नवा पत्ता इमिग्रेशन खात्याला कळवावा.