गांधीलमाशीचे पोळे जाळण्यापूर्वी तिचा पट्टा पाहा

पाऊस माघारी गेला आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की मुंबईजवळच्या गोराई, मनोरी, उत्तनच्या वाड्यांत आणि रेल्वेमार्गालगतच्या भाजीच्या तुकड्यांत भेंडी-वांग्यावर अळीचा जोर वाढतो. नेमक्या याच दिवसांत गांधीलमाश्यांची पोळी मोठी झालेली असतात आणि पलिता लावून ती सरसकट जाळली जातात. अळ्या वेचून नेणारी माशी अशी जळाली की भेंडीत अळी शिरते, दुकानदार सांगेल ते महागडे मिश्र औषध उधारीवर येते आणि त्या फवाऱ्याने उरलेसुरले मित्रकीटकही मरतात. दर हंगामात हेच पाहत आल्यामुळे कळकळीची विनंती आहे की, या आठवड्यातच वाडीतली पोळी लांबून, हात न लावता पाहून घ्यावीत.

पहाटे गारव्यात माश्या पोळ्यावर स्थिर बसतात, तेव्हा रंग नीट दिसतो. उघड्या कप्प्यांचे, कागदासारखे पोळे देठाने टांगलेले असेल आणि माशी बहुतांशी पिवळी असून अंगावर गडद रेषा असतील, तर ती पोलिस्टेस होय. तांबूस-तपकिरी, लहान आणि पोटावर एकच पिवळी कडी असलेली माशी बहुधा रोपालिडिया मार्जिनाटा असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी दीर्घकाळ अभ्यासलेली जात हीच. या दोघी पिलांसाठी अळ्या मारून नेतात. चिमटलेल्या कमरेची, मातीचे गाडगे करणारी कुंभारीणही आपल्या घरट्यात अळ्याच भरते. काळ्या पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा असलेली सुमारे अडीच सेंटीमीटरची वेस्पा ट्रॉपिका मात्र वेगळी: ती बिळात किंवा झाडाच्या ढोलीत राहते, इतर गांधीलमाश्यांची पोळी लुटते आणि तिचा दंशही फार तीव्र असतो. फुलावर एकाच जागी तरंगणारी, दोनच पंखांची पट्टेदार माशी तर गांधीलमाशी नव्हेच. तिला नांगी नसते आणि तिच्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात.

ज्या कुंपणावर पोळे टिकते, त्याच्या कडेच्या ओळीत पाने कमी कुरतडलेली दिसतात, असा माझा अनुभव आहे. मोजमाप केलेले नाही, पण मी त्यावर विसंबतो.

नेहमीची कामे: किडकी फळे व शेंडे तोडून नष्ट करणे, तण काढणे, पाहणीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावणे, 5 टक्के निंबोळी अर्क फवारणे.

अर्कासाठी 5 किलो निंबोळी चूर्ण 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, 200 ग्रॅम साबणासह एकूण 100 लिटर द्रावण करावे. याचा खर्च दुकानातल्या बाटलीपेक्षा फारच कमी येतो. माश्या घरट्याकडे परतल्यावर, म्हणजे सायंकाळी फवारावे, पोळ्यावर कधीही नाही.

वाटेवर, विहिरीजवळ किंवा मुलांच्या वावराच्या जागी असलेले पोळे जाणकाराकडून काढून घ्यावे. आडोशाचे राहू द्यावे. दंश झाल्यास जागा धुऊन बर्फ लावावा. गांधीलमाशीची नांगी सहसा शरीरात राहत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा दंश करू शकते आणि म्हणून तिथून आधी दूर व्हावे. श्वास लागणे, चेहरा किंवा घसा सुजणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले अथवा एकाच वेळी अनेक दंश झाले, तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.