चावीचं कूळ कसं काढावं

पाव, घमेलं, लिलाव, तुरुंग: कोकणात पोर्तुगीज शब्द रोज तोंडी असतात. त्यांचे युरोपातले भाऊबंद शोधायचे तर सुरुवात ‘चावी’पासून करावी. तिचा माग स्वच्छ आहे.

आधी गावात चालणारे अर्थ टिपा. कुलपाची चावी, घड्याळाला दिलेली चावी आणि नळाला पाणी सोडणारा चावीवाला. मग पोर्तुगीज रूप बघा. आजचा लिस्बनकर ‘शाव्ह’ म्हणतो, आणि नवखा माणूस इथेच गडबडतो. पण १५२१ साली चौलला किल्ला बांधायला घेणारे पोर्तुगीज त्या जागी ‘च’ म्हणत. लिस्बनकडे त्याचा ‘श’ पुढे झाला. म्हणजे तिथे हरवलेला उच्चार आपल्या खिशात खुळखुळतोय.

पुढची पायरी लॅटिन. ‘क्लाविस’ हे कर्त्याचं रूप घेऊ नका. पुढच्या भाषांत उतरलं ते कर्माचं, ‘क्लावेम’. एका शब्दावर मात्र काहीच सिद्ध होत नाही, जोडीला दुसरा हवाच. ‘क्लामारे’ म्हणजे हाक मारणे. पोर्तुगिजात शाव्ह–शामार, स्पॅनिशमध्ये यावे–यामार, इटालियनमध्ये क्यावे–क्यामारे. दोन्ही शब्द सारखेच वळले, की नातं पक्कं. फ्रेंचने ‘क्ल’ जपला: क्ले. इटालियन वाचताना सांभाळा: अक्षरं पोर्तुगिजासारखीच, सी-एच, पण उच्चार क.

अर्थ ताडताना घाई नको. स्पॅनिश यावे म्हणजे किल्ली, नळाची तोटी आणि पान्हासुद्धा. पोर्तुगिजात तर स्क्रू ड्रायव्हरही शाव्हच्याच घरातला. म्हणून आपला चावीवाला स्पेनहून आला असं समजू नये; जे फिरवून उघडतं त्याला दोन ठिकाणी आपापलं तेच नाव पडू शकतं. पियानोचं जर्मन नाव ‘क्लाविर’ मात्र खरंच याच कुळातलं, कारण वाद्याच्या पट्टीलाही ‘क्लाविस’ म्हणत. बंद खोलीत पोप निवडतात ती ‘कॉन्क्लेव्ह’ही तशीच.

इंग्रजी ‘की’ आणि आपली ‘किल्ली’ या कुळात ओढू नका. आवाज जवळचा वाटतो, पण ‘की’ जुन्या इंग्रजीतली आहे आणि किल्लीला पोर्तुगिजांची गरज नव्हती.

पडताळ्यासाठी गोव्याचे सेबास्तियांव दाल्गाद यांचा आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा १९१३चा कोश उघडा. आणि पुढे काजू घेतलात तर लॅटिन धुंडाळू नका. तो पोर्तुगीजांनी ब्राझीलच्या तुपी भाषेतून उचललाय.