लोकप्रिय गाण्यातील भक्तीचा अर्थ कसा लावावा

मुंबईत भक्तीचे गाणे कानावर पडण्यासाठी देवळात जावेच लागते असे नाही. सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळाचे टाळ सुरू असतात आणि गणेशोत्सवाच्या मंडपात आरती संपते न संपते तोच एखादे चित्रपटगीत लागते. अशा गाण्याविषयी बोलताना श्रोते बहुधा थेट निकाल देतात, की हे खरे भक्तिगीत आहे किंवा हा निव्वळ धंदा आहे. माझ्या मते, निकालाची घाई न करता शब्द कोणाचे आहेत, ते कोणाला उद्देशून आहेत आणि गाणे आज कोठे व कसे म्हटले जाते, हे याच क्रमाने पाहावे.

शब्दांच्या कर्त्यापासून सुरुवात करण्याचे कारण असे, की इथेच सर्वांत जास्त गल्लत होते. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटातील ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचाच अभंग असल्याचे असंख्य श्रोत्यांनी मानले; प्रत्यक्षात तो शांताराम आठवले यांनी लिहिला आहे. ‘कानडा राजा पंढरीचा’ हे गीतही कोणा संताचे नसून ग. दि. माडगूळकरांचे आहे. म्हणून गाण्यात संताचे नाव आले किंवा भाषा जुन्या वळणाची वाटली, तरी ते शब्द गाथेत, म्हणजे संतांच्या अभंगांच्या संग्रहात, आहेत का, हे पडताळून पाहावे. सकलसंतगाथा घरी नसेल, तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन विचारणा करता येईल. शब्द आधुनिक कवीचे निघाले म्हणून गाणे हलके ठरत नाही. उलट, लोकांनी ते संताचे म्हणून स्वीकारले, ही त्या कवीने परंपरा किती आत्मसात केली होती याची मोठी साक्ष आहे.

दुसरी पायरी, म्हणजे शब्द कोणाला उद्देशून आहेत हे पाहणे, अधिक लक्ष मागते. हृदयनाथ मंगेशकरांनी संगीत दिलेले आणि लता मंगेशकरांनी गायलेले ‘घनु वाजे घुणघुणा’ पुष्कळ जण पावसाचे किंवा प्रेमाचे गीत म्हणून ऐकतात, आणि ढग, वारा, चांदणे, चंदन हे सारे त्यात असल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु दुसऱ्याच ओळीत ‘भवतारकु हा कान्हा’ येतो आणि शेवटी ‘बापरखुमादेविवरें’ ही ज्ञानदेवांची नाममुद्रा, म्हणजे पदाच्या शेवटी येणारी कवीची ओळख, येते, तेव्हा ही विरहिणी कोणासाठी तळमळते आहे याविषयी शंका उरत नाही. मात्र तेवढ्यावरून प्रेमाचा अर्थ खोडून टाकू नये. विरहिणीच्या रचनेत देवाची ओढ प्रेयसीच्या तोंडूनच बोलते, त्यामुळे तो भाव मनाला न भिडलेल्या श्रोत्याच्या हाती भक्तीही पुरती लागत नाही. म्हणून असे पद ऐकताना पहिले कडवे आणि नाममुद्रेचे कडवे सलग वाचावे आणि मगच पुन्हा ऐकावे.

गाणे ज्याला हाक मारते तो देवच असेल असेही नाही. ‘फिज़ा’ या २००० सालच्या चित्रपटातील ए. आर. रहमान यांच्या ‘पिया हाजी अली’ या रचनेत साद आहे ती वरळीच्या समुद्रात ज्यांचा दर्गा आहे त्या पीरांना.

कर्त्याच्या धर्मावरून अर्थ ठरवण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळावा. ‘बैजू बावरा’ या १९५२ सालच्या चित्रपटातील ‘मन तडपत हरिदर्शन को आज’ हे भजन शकील बदायुनी यांनी लिहिले, नौशाद यांनी मालकंस रागात बांधले आणि मोहम्मद रफी यांनी गायले. त्यातील आर्तता कोणाच्या खाजगी श्रद्धेचा पुरावा म्हणून वापरू नये आणि सलोख्याचा दाखला म्हणून नुसती मिरवूही नये. ती शब्दांत आणि स्वरांत कशी आली आहे, हे आधी ऐकावे.

राहिला वापर. डबलबारीतील, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यातील, बुवा चित्रपटगीताच्या चालीवर अभंग किंवा गजर बांधतात, तेव्हा काही जाणकार नाराज होतात. चाल ओळखीची असल्यामुळे कोरस चटकन साथ धरतो, हा लाभ मला मोलाचा वाटतो. पण मूळ गाण्याचे शब्दच मनात घोळत राहिले, तर ती चाल फसली असे म्हणावे. याच्या उलटही घडते. अजय-अतुल यांचे ‘लय भारी’ या २०१४ सालच्या चित्रपटातील ‘माउली माउली’ आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर ऐकू आले, तर चित्रपटातील प्रसंग बाजूला ठेवून रांगेतील लोक त्यात सूर मिसळतात का, तेवढे पाहावे.

मित्रमंडळींत मतभेद झाले, तर प्रत्येकाला आपला अर्थ कोणत्या ओळीवर किंवा स्वराच्या कोणत्या जागेवर उभा आहे ते दाखवायला सांगावे. ज्या अर्थाला गाण्यात आधार सापडत नाही, तो त्या श्रोत्याच्या आठवणींतून आलेला असतो. त्याचा मान राखावा, पण गाण्याचा अर्थ म्हणून तो इतरांवर लादू देऊ नये.