भर उन्हात फ्लॅश

दुपारी माणसांचे फोटो काढताना मी फ्लॅश लावतेच. ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली बसते, आणि डोळे हरवलेला चेहरा मला बघवत नाही.

माणसाला उन्हाकडे पाठ करून उभं करा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, १००. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, मागच्या आकाशावर बेतलेलं. शटर १/२०० सेकंदापर्यंतच. बहुतेक कॅमेऱ्यांची सिंक मर्यादा, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वाधिक वेग, तिथेच किंवा १/२५० ला संपते. फ्लॅशच्या हाय-स्पीड सिंक या सोयीने त्याहून वेगवान शटर वापरता येतं, पण फ्लॅशचा जोर बराच घटतो, मग जवळ सरकावं लागतं. फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे त्याचा जोर कॅमेराच मोजून ठरवतो; त्या जोरात आपण करायचा फेरफार, म्हणजे कॉम्पेन्सेशन, उणे १ ते उणे १.७. शून्यावर चेहरा कागदासारखा सपाट होतो.

संध्याकाळी फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, हवीच, नाहीतर सोनेरी उजेडात चेहरा तेवढा निळसर दिसतो.