मेल सर्व्हरमधला बफर ओव्हरफ्लो कसा दुरुस्त करावा

बफर ओव्हरफ्लो, म्हणजे राखलेल्या जागेपेक्षा जास्त बाइट लिहिले जाण्याचा बग, सापडला की सगळीकडून एकच सल्ला मिळतो: ‘स्ट्रकॉपी काढा, स्ट्रएनकॉपी घाला.’ ही दोन्ही सी भाषेतली मजकूर कॉपी करणारी फंक्शनं, दुसऱ्याला बाइटांची मर्यादा देता येते. या सल्ल्यावर बेतलेले पॅच मी अनेकदा तपासलेत आणि बरेचसे परत पाठवलेत. ओव्हरफ्लो दिसतो कॉपीच्या ओळीत, पण चूक बहुतेक वेळा त्याआधी, जागा मोजताना झालेली असते. मोजणी तशीच ठेवून कॉपी बदलली तर बग फक्त जागा बदलतो.

तुम्ही सर्व्हर फक्त चालवत असाल, कोडला हात लावणार नसाल, तर तुमच्या लिनक्स वितरणाचं सुरक्षा-अपडेट घ्या आणि सेवा रीस्टार्ट करा. रीस्टार्ट विसरू नका, मेमरीत जुनाच प्रोग्रॅम चालू राहतो. डेबियनसारख्या वितरणात मूळ आवृत्तीचा आकडा तोच राहतो आणि पॅकेजचा शेपटाचा आकडा वाढतो, म्हणून ‘आवृत्ती जुनीच दिसते’ म्हणून घाबरू नका.

ज्यांना कोड दुरुस्त करायचाय त्यांच्यासाठी एक्झिम या मेल सर्व्हरमधला २०१८ चा बग घेते. तैवानच्या डेव्हकोअर या संस्थेच्या संशोधकाने तो शोधला आणि ४.९०.१ या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) उलगडणाऱ्या फंक्शनमध्ये एकच बाइट जास्त लिहिला जात होता. पण हे फंक्शन लॉगिनच्या ‘ऑथ’ आदेशात, म्हणजे पासवर्ड तपासण्याआधीच चालतं. त्या एका बाइटवरून बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर आपला कोड चालवता येतो, हे त्याच संशोधकाने दाखवलं.

१. आधी क्रॅश घडवा

ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीची हद्द ओलांडली की ओरडणारं कंपायलरचं साधन) लावून बिल्ड करा आणि बग दाखवणारा मजकूर पाठवा. बग स्वतःच्या मशीनवर घडत नाही तोवर पॅच लिहू नका.

२. जागा कुठे आणि किती मागितली ते शोधा

मी सगळ्यात जास्त अडकले ती इथेच, म्हणून या पायरीला वेळ द्या.

बेस६४ मध्ये ४ अक्षरांचे ३ बाइट होतात. एक्झिम जागा मागत होतं ती अशी: लांबी भागिले ४ (पूर्णांकात), गुणिले ३, अधिक १. लांबी ४ च्या पटीत असेल तर हिशेब बरोबर. पण समोरच्याने मुद्दाम ७ अक्षरं पाठवली तर? ७ भागिले ४ म्हणजे १, त्याचे ३, अधिक १: मिळाले ४ बाइट. उलगडताना मात्र उरलेल्या ३ अक्षरांचेही बाइट लिहिले जातात आणि ५ लागतात. भागाकारात टाकून दिलेली बाकी हाच तो बग. नियमाप्रमाणे तयार केलेला मजकूर कितीही वेळा पाठवा, हा बग कधीच दिसणार नाही.

आता खरी अडचण. ७ अक्षरं पाठवली तरीही सॅनिटायझर गप्प बसतो. कारण एक्झिम प्रत्येक छोट्या मागणीला सिस्टिमकडून वेगळी मेमरी घेत नाही. ते निदान ८१९२ बाइटांचा मोठा ठोकळा घेतं आणि त्यातले तुकडे स्वतःच वाटतं. सॅनिटायझरला फक्त ठोकळ्याची कड माहीत असते, आतल्या तुकड्यांच्या कडा नाहीत. शिवाय तुकड्याचा आकार ८ च्या पटीत वर नेला जातो, म्हणजे मागितलेल्या ४ ऐवजी मिळतात ८ आणि पाचवा बाइट मोकळ्या जागेत पडतो. २३ अक्षरं पाठवून बघा: मागणी १६ बाइटांची, म्हणजे मोकळी जागा शून्य, आणि लिहिले जातात १७. सतरावा बाइट शेजारच्या तुकड्यात जातो.

म्हणून ‘सॅनिटायझर काही बोलला नाही, म्हणजे कोड सुरक्षित’ हे कुणी सांगितलं तर मानू नका. चाचणीच्या बिल्डमध्ये हा वाटपाचा थर काढा आणि प्रत्येक मागणी थेट मॅलॉककडे, म्हणजे सी भाषेच्या मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे, पाठवा. सर्व्हर हळू चालेल, चालू द्या. लपलेले ओव्हरफ्लो मग एकामागून एक बाहेर पडतात.

३. मोजणी दुरुस्त करा

एक्झिमच्या पॅचने सूत्रात बाकी मिळवली: १, अधिक लांबी भागिले ४ गुणिले ३, अधिक लांबीची ४ ने भागून उरलेली बाकी. ७ अक्षरांना आता ७ बाइट मिळतात. गरजेपेक्षा दोन जास्त, आणि त्यात काही वाईट नाही. दोन बाइट वाचवायला चलाख सूत्र लिहू नका.

स्ट्रएनकॉपीबद्दल: मजकूर जागेइतका किंवा मोठा असेल तर ती शेवटी शून्य लिहीतच नाही, आणि पुढचं फंक्शन हद्द ओलांडून वाचत जातं. एसएनप्रिंटएफ (दिलेल्या जागेपुरताच मजकूर रचून लिहिणारं फंक्शन) बरी, पण ती ‘किती लिहिले’ नव्हे, ‘जागा असती तर किती लिहिले असते’ ते सांगते. तो आकडा तसाच पुढच्या जागेसाठी वापरलात तर उरलेली जागा ऋण होते, आणि चिन्ह नसलेल्या प्रकारात ऋण म्हणजे प्रचंड मोठा आकडा. पॉइंटरवर, म्हणजे मेमरीतल्या जागेच्या पत्त्यावर, आकार सांगणारं साइझऑफ लावलं तर ६४ बिटांवर उत्तर ८ येतं, बफर केवढाही असो.

सी मधला कॅरेक्टर हा एका बाइटचा प्रकार ऋण आकडे धरतो का, तेही तपासा. २००३ मध्ये सेंडमेल या मेल सर्व्हरच्या पत्ता वाचणाऱ्या कोडमध्ये २५५ किमतीचा बाइट उणे १ झाला. उणे १ ही तिथे खास खूण होती, त्यामुळे लांबीची तपासणीच वगळली गेली. ८.१२.९ मध्ये ते सुधारलं.

४. मावत नसेल तर नाकारा, कापू नका

यावर मी तडजोड करत नाही. पत्ता कापला तर तो दुसऱ्याचा पत्ता होऊ शकतो आणि कुणाचं तरी पत्र भलत्याच्या हाती पडतं. ओळ लांब असेल तर ५००, पत्ता लांब असेल तर ५०१ या त्रुटी-क्रमांकाचं उत्तर द्या. मर्यादा बाइटांत मोजा, अक्षरांत नाही. ‘ॲट’च्या आधीच्या भागाची मर्यादा ६४ बाइटांची आहे. देवनागरी पत्त्यात ‘महाराष्ट्र’ ही चार अक्षरं यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट घेतात. हा शब्द तिथे दोनदा मावतो, तिसऱ्यांदा नाही. मराठी पत्त्यांसाठी सर्व्हर तयार करणाऱ्यांनी ही चाचणी घ्यायलाच हवी.

५. चाचणी आणि रिलीज

० ते निदान ६४ पर्यंतची प्रत्येक लांबी पाठवून बघा. हेच सूत्र कोडमध्ये आणखी कुठे आहे तेही शोधा. नक्कल केलेली चूक हमखास सापडते. स्टॅक कॅनरी (ओव्हरफ्लोने बिघडली की प्रोग्रॅम थांबवणारी खूण) वगैरे संरक्षणं चालू ठेवा, पण त्यांना दुरुस्ती समजू नका.

पॅच एकाच कामाचा आणि छोटा ठेवा, म्हणजे जुन्या आवृत्त्यांवर तो सहज बसवता येईल. पॅकेज बनवणाऱ्यांना आधी खासगीत कळवून तारीख ठरवा, आणि जाहीर करताना कुठल्या आवृत्तीपासून बग आहे ते पहिल्याच ओळीत लिहा.